रुसुबाईचा ओढा आणि इतर दहा जागा

“सात दिवसांत लिहून देते,” टपालकाकू म्हणाल्या. “आठवा दिवस लागला तर मला विचारा.”

कचेरीत बसलेली सतरा माणसं एकदम मागे वळली. काकू सभेत सहसा बोलत नसत. त्यांना जे बोलायचं असे ते सभेच्या आधीच घरोघर बोलून झालेलं असे, त्यामुळे सभेत त्या शेवटच्या बाकावर गुपचूप स्वेटर विणत. आज मात्र विणकाम मांडीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या होत्या.

प्रश्न नावांचा होता. मोठ्या कचेरीतून आलेला मोजणीवाला पंचक्रोशीचा नवा नकाशा करत होता. जुन्या नकाशात अकरा जागा अशा होत्या की तिथे नुसतं ‘ओढा’, ‘खडक’, ‘वळण’, ‘पूल’ एवढंच छापलेलं. गावात तरी कुठे नावं होती? अलीकडच्या वस्तीतली माणसं म्हणत पलीकडचा ओढा, आणि पलीकडची माणसं त्यालाच म्हणत अलीकडचा. गेल्या वर्षी गिरणीवाल्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा बंबाला निरोप गेला, “पलीकडच्या ओढ्यापाशी या.” बंब आला, पण पलीकडून आला. त्यामुळे तो दोन तास चुकीच्या ओढ्याकाठी पाईप घेऊन उभा होता. कोठार विझलं ते आपोआपच, पुढे जळण्यासारखं काही उरलं नाही म्हणून.

“तर आता प्रत्येक जागेला नाव हवं,” मोजणीवाला म्हणाला होता. “कुणाला जुनी नावं माहीत आहेत?”

“ह्यांना,” काकू म्हणाल्या. “चौतीस वर्षं ह्यांनी या वाटांवर टपाल वाटलंय. ह्यांना माहीत नाही असा दगड नाही इथे.”

यावर सगळ्यांनी ‘ह्यांच्या’कडे पाहिलं. ‘हे’ काकूंच्या शेजारीच बसले होते आणि स्वेटरच्या लोकरीचा गुंडा दोन्ही हातांत धरून त्याच्यावर काळजीपूर्वक फुंकर घालत होते.

टपालकाका हल्ली विसरत. सगळं गाव हे जाणून होतं. फक्त काकू जाणून नव्हत्या, म्हणजे तसं ठरवूनच बसल्या होत्या.

त्याच दिवशी दुपारी शहरातून मुलाचा फोन आला.

“आई, बाबा मागच्या महिन्यात दोनदा हरवले.”

“हरवले कुठे? फिरायला गेले होते.”

“तीन गावं सोडून पलीकडच्या न्हाव्याने आणून सोडलं त्यांना.”

“केस वाढले होते त्यांचे.”

मुलाने वाद घातला नाही. तो वाईट नव्हता. लहानपणापासून त्याला भांडण जमायचं नाही, एवढंच. “आई, इथे एक संस्था आहे. चोवीस तास नर्स असते. जागा मिळालीय. पहिल्या तारखेला मी न्यायला येतोय.”

काकूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “आणि सरकारने मानलं तर?”

“काय मानलं तर?”

“अकरा जागांची नावं ते सांगणार आहेत. सरकार छापणार आहे. सरकारला त्यांची आठवण चालते, आणि तुला चालत नाही?”

“आणि सरकारने नाही मानलं तर?”

“तर त्यांची बॅग मी स्वतः भरून देईन,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मोजणीवाला संध्याकाळी घरी येऊन वही देऊन गेला. सोबत छापील कागदांचा एक जाडजूड गठ्ठाही ठेवून गेला. “काकू, हे हरकत अर्ज आहेत. जास्तीचे आलेत. पुढच्या आठवड्यात परत नेतो, तोवर कपाटात असू द्या. पण कुणाला देऊ नका हं. एकदा का हे वाटले गेले, की सुनावणी घ्यावी लागते. मग माझं वर्ष त्यातच जातं.”

“मी कशाला वाटतेय?” काकू म्हणाल्या.

हे अगदी खरं होतं. काकूंनी एकही वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वही उघडून बसल्या. “अहो, तो गिरणीच्या वरचा ओढा, त्याला काय म्हणायचे?”

काकांनी खूप विचार केला. “ओढा,” ते म्हणाले.

दोन दिवस असे गेले. घरात बसून काकांना काही सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. विहिरीचं पाणी घरात बसून दिसतं का? माणसाला त्याच्या वाटेवर सोडलं पाहिजे. त्यांनी ट्रंकेतून जुनी खाकी पिशवी काढली, झटकली आणि काकांच्या खांद्यावर अडकवली.

काकांची पाठ ताठ झाली. त्यांनी टोपी मागितली. मग पिशवीत हात घालून पाहिलं आणि काकूंकडे असं बघितलं, की जणू त्यांनी भात न शिजवताच ताट वाढलंय.

“रिकामी पिशवी घेऊन पोस्टमन निघतो का कधी? लोक काय म्हणतील?”

आली का पंचाईत. रद्दी कालच रद्दीवाल्याला गेलेली. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटातला तो जाडजूड गठ्ठा पिशवीत कोंबला. नुसतं वजनच तर हवं होतं. वाटतंय कोण, असं त्यांच्या मनात आलं. आख्ख्या विभागात ज्याचं एक पत्र कधी चुकलं नाही त्या माणसाच्या खांद्यावर दोनशे कागद देऊन त्यांनी हा विचार केला, हे पुढे त्यांना स्वतःलाही खरं वाटेना.

दाराला कुलूप लावून दोघं निघाले. वळणावर पोचल्यावर काकूंना शंका आली म्हणून त्या परत जाऊन कुलूप ओढून बघून आल्या. परत येईतो काका तिथेच उभे होते.

“कुलुपाचं वळण,” ते खणखणीत आवाजात म्हणाले.

काकूंनी वही उघडली. तीन दिवसांत पहिलं नाव! त्यांनी लगेच लिहून घेतलं. पूर्वी इथे एखाद्या कुलूपवाल्याचं दुकान असेल, असाही शेरा त्यांनी कंसात लिहिला.

काका झपझप चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. “बाई, तुम्ही कुठल्या?”

काकू थबकल्या. त्यांना वाटलं, पिशवी मिळाली तसे हे जुन्या दिवसांत शिरलेत. नाटकात शिरतात तसे. त्यात काय एवढं?

“पुढच्या गावची,” त्या म्हणाल्या.

“मग चला, सोबत होईल. पण दहा पावलं मागे राहा. माझी बायको जरा संशयी आहे.”

“नाहीये ती संशयी,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही ओळखत नाही तिला.”

अशी ती वरात निघाली. पुढे काका, दहा पावलांवर वही घेऊन काकू. प्रत्येक वस्ती आली की काका हात वर करून त्यांना झाडाखाली थांबवत. “ड्युटीवर बाहेरचं माणूस बरोबर नको. साहेब बघतात.” मग एकटेच आत जात आणि दहा-पंधरा मिनिटांनी येत. पाणी पीत असतील, कुणाशी दोन शब्द बोलत असतील, असं समजून काकू सावलीत बसून राहिल्या. प्रत्येक वस्तीनंतर काकांचा वाकलेला खांदा थोडा सरळ होत होता. काकूंना वाटलं, चालण्याने तब्येत सुधारतेय.

आणि नावं तर काय, टपटप पडत होती. गिरणीच्या वरचा तो रुसुबाईचा ओढा. त्याच्या पुढचा चपलेचा ओढा. लाकडी पूल होता तो अबोल्याचा पूल. जांभ्या दगडाची चढण लागली, ती ‘आता नाही चालत’ची चढण.

काकू लिहीत होत्या आणि मनातल्या मनात त्या कोण कुठल्या बाईला शिव्या घालत होत्या. पंचक्रोशीला केवढं छळून गेली असेल! ओढ्यापाशी रुसायचं, पुलावर बोलायचं नाही, चढणीवर फतकल मारायचं. नवऱ्याने काढले कसे असतील दिवस?

डोंगरकुशीतल्या झऱ्यापाशी काका थांबले. “हसरीचा झरा.”

ही दुसरी कुणी असणार, काकूंनी ठरवलं. ती रुसुबाई काही हसणाऱ्यातली वाटत नव्हती.

दुपार कलली तेव्हा ते अकराव्या जागी आले. ही जागा खरं तर टपालाच्या वाटेवर नव्हतीच. मुख्य रस्ता सोडून करवंदीच्या जाळीतून बरंच आत जावं लागे. एक बारीक ओढा, त्याच्या काठाला एक चपटा दगड. काकांनी पिशवी उतरवून ठेवली, टोपी काढली, तोंडावर पाणी मारलं आणि दगडावर बसले. बसले ते बसलेच.

काकू घामाघूम झाल्या होत्या. “याचं नाव काय?”

“याला नाव नाही,” काका म्हणाले. “ठेवायचं राहिलं.”

काकूंनी लिहिलं, अकरा नंबर, नाव नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि चौतीस वर्षांचा राग एकदम वर आला. सगळ्या गावचे पोस्टमन चारला घरी येत. हे रोज पावणेपाचला. रोज! चहा तीन-तीनदा गरम करावा लागे. कुठे होतात विचारलं तर म्हणत, वाटेत होतो. या चपट्या दगडावर होते तर. नुसते बसून.

“छान,” काकू म्हणाल्या. “पाऊण तास इथे झाडांची हवा खात होतात. आणि मी तिकडे चहा आटवत होते.”

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, “आवाज नका करू बाई.”

सहाव्या दिवशी वही तयार झाली. काकूंनी ती गावात मिरवली. सातव्या दिवशी मोजणीवाला आला, तो रडवेला चेहरा करून.

“काकू, एकशे बारा.”

“काय एकशे बारा?”

“हरकती! कचेरीची पेटी भरून वाहतेय. झाकण लागत नाही.”

काकूंनी खाकी पिशवीत हात घातला. हात तळाला लागला.

दोनशेच्या दोनशे अर्ज घरोघर पोचले होते. काकांनी ते दाराच्या फटीतून सरकवले होते, खिडकीच्या गजांत अडकवले होते, आणि गिरणीवाल्याला तर हातात देऊन सही घेतली होती. सरकारी कागद आला म्हटल्यावर माणसं भरणारच. गिरणीवाल्याने अकराच्या अकरा जागांना ‘गिरणीचा ओढा’ असं नाव सुचवलं होतं, क्रमांक एक ते अकरा. शिंपीणबाईंनी एका ओढ्याला ‘जावेने भांडी घासू नयेत असा ओढा’ म्हणावं असं लिहिलं होतं. एकाने रस्त्यावरचा दिवा गेल्याची तक्रार केली होती. आणि टेकडीवर एकट्या राहणाऱ्या म्हातारबुवांनी लिहिलं होतं, ‘माझी काही हरकत नाही. पण विचारलंत, बरं वाटलं.’

“आता सुनावणी,” मोजणीवाला म्हणाला. “एकेक नाव वाचायचं. ते इथे रूढ आहे असं सिद्ध झालं तर राहील, नाहीतर खोडायचं. पहिल्या तारखेला सकाळी दहाला.”

पहिल्या तारखेला. काकूंनी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. त्या दिवशी कोण येणार होतं ते त्यांना पाठ होतं.

पहिल्या तारखेला कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी गर्दी आगीलाही जमली नव्हती. मुलगा दाराजवळ उभा होता, सदऱ्याच्या खिशात संस्थेचा भरलेला कागद. काकू शेवटच्या बाकावर बसल्या. विणकाम हातात होतं, पण टाके निसटत होते. शेजारी टोपी घालून काका.

मोजणीवाल्याने वही उघडली. “जागा क्रमांक एक. रुसुबाईचा ओढा. कुणाला हरकत?”

गिरणीवाला उठला. माणूस आवाजाने मोठा, मनाने बेताचा कठोर. “साहेब, जन्मापासून मी या पाण्याकाठी आहे. रुसुबाई नावाची बाई इथे कधी झाली नाही. कोण ही?”

“बायको,” मागून आवाज आला.

काका उभे राहिले होते.

“कुणाची बायको?”

“माझी. दुसऱ्याच्या बायकोचं नाव मी ओढ्याला कशाला देऊ?”

सगळे हसले. काकूंच्या हातातली सुई टणकन खाली पडली.

“लग्नाचं पहिलं वर्ष,” काका सांगू लागले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा भरीव होता, रजिस्टर पत्राची सही मागतात तसा. “तिला माहेरी पोचवायला निघालो. खांद्यावर टपाल, डोक्यावर तिची ट्रंक. ओढ्यात म्हणाली, हळू धरा, आत आरसा आहे. मी म्हटलं, आरसा कशाला, माहेरी तुला ओळखतात की. बसली दगडावर. दीड तास. टपाल थांबलं, ओढा तेवढा चालू.”

काकूंना आरसा आठवला. आरसा, ट्रंक, दगड, सगळं आठवलं. त्यांचे कान तापले. पंचक्रोशीला छळून गेलेली ती बया कोण, ते त्यांना आत्ता कळलं, आणि तेही सबंध पंचक्रोशीच्या समोर.

“क्रमांक दोन,” मोजणीवाला हसू दाबत म्हणाला. “कुलुपाचं वळण.”

“इथवर आली की तिला वाटायचं, कुलूप लागलं नाही. परत जायची. एवढ्या वर्षांत कुलूप एकदाही उघडं सापडलं नाही. एकदा किल्ली आत राहिली होती, ते वेगळं.”

“चपलेचा ओढा?”

“एक चप्पल वाहून गेली. मला म्हणाली, दुसरीपण सोडा. एकटी काय करणार ती?”

लोक आता डोळे पुसून हसत होते. शिंपीणबाईंनी पदर तोंडात धरला होता. मुलगासुद्धा दारापाशी हसत होता. काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी उड्या मारत होतं. आठवतंय. ह्यांना सगळं आठवतंय. बघ म्हणावं मुलाला, ऐक, कानात बोटं घालू नकोस आता.

“अबोल्याचा पूल?”

“हा पूल ओलांडेपर्यंत भांडण मिटलं नाही तर पुढे तिचं माहेर लागायचं. मग आठ दिवस राहून जायचं तसंच. म्हणून पुलावर दोघंही हळू चालायचो.”

हसणं थोडं कमी झालं.

“हसरीचा झरा.”

“तिथे मी घसरून पडलो. टपालासकट. ती इतकी हसली, की तिच्या नाकातून पाणी आलं.” काका थांबले. “पुढच्या वर्षी मुद्दाम पडून पाहिलं. नाही हसली. म्हणाली, वय झालं तुमचं.”

एकेक करून दहा नावं झाली. गिरणीवाल्याने खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं आणि सगळ्यांच्या वतीने म्हणाला, “वा, पोस्टमनदादा. वहिनींचं नशीब मोठं. त्यांना विचारा तरी, त्यांना पटतंय का हे सगळं.”

“विचारलं असतं,” काका म्हणाले. “पण ती माहेरी गेलीय. आज-उद्या येईल.”

काकू त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या हातातल्या लोकरीचं दुसरं टोक काकांच्याच मुठीत होतं.

मोजणीवाल्याने उगाच वहीचं पान उलटलं. मग त्याने घाईने पुढची ओळ वाचली.

“क्रमांक अकरा. इथे, नाव नाही, असं लिहिलंय.”

“ठेवायचं राहिलं,” काका म्हणाले.

“पण नकाशात रिकामं सोडता येत नाही, काका. काहीतरी म्हणत असाल ना?”

काकांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज खाली आला. “नऊच दिवसांची होती. बायको तापात होती, तिला शुद्ध नव्हती. मीच नेली. मोठ्या रस्त्याला नको म्हटलं, बैलगाड्यांचा धुरळा असतो. म्हणून आत, ओढ्याकाठी. तिथे सावली आहे.” त्यांनी शेजारच्या बाईकडे पाहिलं, म्हणजे काकूंकडे, आणि विनवल्यासारखं म्हणाले, “तिला सांगू नका हं कुठे ते. ती विचारत नाही कधी. पण रोज कुणीतरी जाऊन यायला हवं. म्हणून मी जातो. घरी थोडा उशीर होतो, तर ती चिडते. चिडू दे.”

एक्केचाळीस वर्षं. तापातून उठल्यावर पाळणा माळ्यावर गेलेला दिसला होता, आणि काकूंनी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती होती. पुढे मुलगा झाला, पाळणा खाली आला, दिवस गेले. आणि रोज पावणेपाच वाजता त्या दारात उभ्या राहून विचारत, होतात कुठे? वाटेत होतो, ते म्हणत. खोटं एकदाही बोलले नव्हते.

काकू उठल्या. उठताना बाकाचा आधार घ्यावा लागला.

“लिहून घ्या,” त्या मोजणीवाल्याला म्हणाल्या. “ठेवलेलं आहे.”

आणि त्यांनी नाव सांगितलं. दोनच अक्षरं. पोटात होती तेव्हापासून त्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं आणि नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही. नकाशात छापलेलं आहे, ज्याला हवं त्याने तिथे बघावं.

मोजणीवाल्याने लिहिलं. मग त्याला आपलं काम आठवलं. तो चाचरत म्हणाला, “नियमाप्रमाणे नाव रूढ असावं लागतं. ही तर एकाच माणसाची…”

“रूढ म्हणजे किती माणसांत?” गिरणीवाल्याने विचारलं.

मोजणीवाल्याने नियमांचं पुस्तक चाळलं, उलटं चाळलं. “आकडा दिलेला नाही.”

“मग एक पुरे. चौतीस वर्षं एक माणूस रोज म्हणत होता. आम्ही सतरा पिढ्या नुसतं ‘पलीकडचा’ म्हणत बसलो. माझ्या अकरा हरकती परत द्या.” आणि खाली बसता बसता त्याने शिंपीणबाईंकडे वळून दरडावलं, “तुमचीही द्या परत. जावेचं नंतर बघू.”

एकशे बारा अर्ज मागे घ्यायला दुपारचे दोन वाजले, कारण ज्याने दिव्याची तक्रार केली होती तो काही केल्या मागे घेईना.

बाहेर मुलगा गाडीला टेकून उभा होता. काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या पैज जिंकल्या होत्या आणि हरल्याही होत्या, आणि हे त्या दोघांनाही समजत होतं.

“तू म्हणत होतास ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांना मी आठवत नाही. बॅग भरते.”

मुलाने खिशातला कागद काढला. त्याची घडी घातली, मग घडीची घडी, मग पुन्हा. शेवटी तो औषधाच्या पुडीएवढा झाला.

“आई, मला अकरा नंबर दाखवशील?” तो म्हणाला.

तिघं गेले. करवंदीच्या जाळीत मुलाचा सदरा फाटला. दगड लहान होता, दोघंच मावत होते, म्हणून मुलगा पाण्यात उभा राहिला. संस्थेचं नाव त्या दिवसानंतर घरात निघालं नाही. दर शनिवारी मुलगा येतो, आणि आला की आधी तिकडे जाऊन येतो.

चार महिन्यांनी नकाशा टपालाने घरी आला. काकांनी नव्या पोस्टमनकडून तो घेतला, शिक्का तपासला, तारीख पाहिली आणि ‘दोन दिवस उशीर’ म्हणून त्याला समज दिली. काकूंनी नकाशा भिंतीवर लावला. काका भिंग घेऊन समोर उभे राहिले आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागले.

“बाई,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “हा नकाशा कुणी केला?”

“होता एक पोस्टमन.”

“बायकोने फार छळलेलं दिसतंय बिचाऱ्याला.”

“हो. तोंडाळ होती,” काकू म्हणाल्या.

काकांनी सहानुभूतीने मान हलवली. भिंग सरकत सरकत अकराव्या जागेवर आलं आणि थांबलं. त्यांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे मात्र चांगलं आहे. कुणी ठेवलं?”

“तिनेच.”

“मग अगदीच वाईट नसणार,” काका म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं, खुंटीवरची खाकी पिशवी घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. “चला बाई, निघतो. वाटेत थोडं थांबायचं असतं मला. उशीर झाला की घरी चहा गार होतो, आणि मग तुम्हाला सांगतो, ती असा काही चेहरा करते…”

काकू त्यांच्या मागे दहा पावलांवर चालत गेल्या आणि तशाच दहा पावलांवर परत आल्या. पावणेपाच वाजले होते. त्यांनी चहा गरम केला आणि कप काकांच्या हातात दिला. चेहरा केला नाही. कुलूपसुद्धा त्या दिवशी वळणावरून एकदाच बघून आल्या होत्या.